पीएच मीटर ७ दाखवतोय? आधी प्रोब तपासा

द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे ते आकड्यात सांगणाऱ्या पीएच मीटरच्या प्रोबला (द्रावणात बुडवायच्या दांडीला) तडा गेला किंवा त्याची केबल आतून शॉर्ट झाली, तर पडद्यावर बहुधा ७ च्या आसपासचा आकडा येतो. १३ किंवा उणे २ आला असता तर कुणीही थबकलं असतं. पण ७ म्हणजे उदासीन. नमुना पाण्याचा असेल तर त्यात वावगं काहीच वाटत नाही. म्हणून निकामी प्रोब बरेच दिवस बिनबोभाट वापरात राहू शकतो.

मीटर हा मुळात एक व्होल्टमीटर आहे, त्याला आम्ल आणि अल्कली यांतलं काही कळत नाही. खरं मोजमाप होतं ते प्रोबच्या टोकाच्या काचेच्या फुग्यात. ही खास काच जेमतेम मिलिमीटरच्या दशांशाइतकी पातळ असते. पाण्यात भिजली की तिच्या पृष्ठभागावर जेलसारखा अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि द्रावणातले हायड्रोजन आयन त्या थराशी देवाणघेवाण करतात. फुग्याच्या आत पीएच ७ चा बफर, म्हणजे ठरलेला पीएच टिकवून धरणारं द्रावण, भरलेला असतो. आतल्या आणि बाहेरच्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात फरक पडला की काचेच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब निर्माण होतो: २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या दर एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट. बाहेर पीएच ४ असेल तर सुमारे अधिक १७७, १० असेल तर सुमारे उणे १७७, आणि ७ असेल तर शून्य. आता शॉर्ट झालेल्या केबलमधून मीटरला काय मिळणार? शून्य मिलिव्होल्ट, म्हणजेच पीएच ७. फुग्याला तडा गेला तरी तेच. आतलं-बाहेरचं द्रावण एकमेकांना भिडतं आणि काचेवरचा दाबच नाहीसा होतो.

पीएच ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. पातळ काचेवर असा दाब निर्माण होतो हे मॅक्स क्रेमर यांना १९०६ मध्येच दिसलं होतं, आणि हाबर व क्लेमेन्सिएविच यांनी १९०९ मध्ये काचेच्या इलेक्ट्रोडचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही रोजच्या वापराचं उपकरण यायला आणखी पंचवीस वर्षं लागली, कारण काच विजेला प्रचंड विरोध करते. गॅल्व्हॅनोमीटरला वाचता येईल इतका प्रवाह मिळवायचा तर फुगा मोठा आणि कमालीचा पातळ हवा, आणि असा फुगा हात लागताच फुटायचा. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगाला रसाची आम्लता मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला असल्यामुळे लिटमसचा रंग उडायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडही निकामी व्हायचा. आर्नोल्ड बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला निर्वात नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. आता नगण्य प्रवाहावर काम भागू लागलं आणि जाड, टिकाऊ फुगा वापरता आला.

काचेचा हा विरोध आजही पाठ सोडत नाही. फुग्याचा रोध शेकडो मेगओहम असू शकतो, म्हणून मीटरचा स्वतःचा रोध त्याच्या हजारो पट ठेवतात. अडचण येते ती मधल्या कनेक्टरवर. कोकणातल्या पावसाळ्यात तिथे ओलावा साचला किंवा घामट बोटांचे डाग लागले की विजेला गळायला वाट मिळते. हिशेब करून पाहा: फुगा २०० मेगओहमचा आणि गळतीच्या वाटेचा रोध २००० मेगओहम असेल, तर सुमारे ९ टक्के दाब वाटेतच जातो. १७७ चे १६१ मिलिव्होल्ट उरतात आणि पीएच ४ चं द्रावण सुमारे ४.३ दाखवतं. गळतीमुळे आकडा नेहमी ७ कडेच सरकतो. उपाय साधा: कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करायचा आणि त्या धातूच्या पिनेला बोट लावायचं नाही.

प्रोब जिवंत आहे की नाही हे ओळखायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे मीटर मिलिव्होल्टवर लावणं. कॅलिब्रेशनचं, म्हणजे ठाऊक असलेल्या बफरशी आकडा जुळवून घ्यायचं, बटण बऱ्याच चुका पोटात घालतं. मिलिव्होल्टचा आकडा तसं करत नाही. ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आगेमागे ३० मिलिव्होल्टपर्यंत चालतं. मग प्रोब धुऊन ४ च्या बफरमध्ये ठेवा. २५ अंशांना दोन आकड्यांमध्ये १७७ चा फरक यायला हवा. १६८ च्या वर असेल तर उत्तम. १६० ते १६८ असेल तर सफाईची वेळ झाली. सफाईनंतरही १६० च्या खालीच राहिला तर प्रोब बदला. मीटर दुरुस्तीला पाठवून उपयोग नाही. फरक पाच-दहा मिलिव्होल्टच येत असेल तर तडा किंवा शॉर्ट, दुसरं काही नाही.

बफर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गोळी किंवा कॅप्सूल १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून करतात: ४, ७ आणि ९.२. यातला ९.२ चा सगळ्यात नाजूक. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचा पीएच उतरत जातो. ४ आणि ७ च्या बाटल्यांत बुरशी धरते. बीकरमध्ये काढलेला बफर परत बाटलीत ओतणं ही काटकसर फार महागात पडते.

आकडा स्थिरावायला मिनिटच्या मिनिटं लागत असतील तर बहुतेक वेळा दोष फुग्यात नसून शेजारच्या सच्छिद्र सिरॅमिकच्या ठिपक्यात असतो. संदर्भ इलेक्ट्रोडमधलं (फुग्याचा दाब ज्याच्या तुलनेत मोजतात त्या प्रोबच्या दुसऱ्या भागातलं) पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण या ठिपक्यातून अगदी हळू बाहेर झिरपत राहायला हवं. त्यावरच विद्युतमंडल पूर्ण होतं. द्रावण भरायच्या भोकाचं बूच मोजताना उघडं ठेवलं नाही तर झिरपणं थांबतं. आतली पातळी बीकरमधल्या नमुन्यापेक्षा खाली गेली तर उलट नमुनाच आत शिरतो. ठिपका बुजलाच असेल तर कशाने बुजला ते आधी बघा. काळा पडला असेल तर सिल्व्हर सल्फाइड, त्याला आम्लातलं थायोयुरिया. दूध किंवा इतर प्रथिनं असतील तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातलं पेप्सिन. साखर कारखान्यात रसाला चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन पीएच ७ च्या आसपास राखतात, कारण तो उतरला तर साखर फुटते आणि चढला तर रंग गडद होतो. तिथल्या प्रोबवर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. तो नुसत्या ०.१ मोलर आम्लात निघतो.

प्रोब डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची सवय मात्र सोडायला हवी. शुद्ध पाणी काचेच्या थरातले आणि संदर्भ इलेक्ट्रोडमधले आयन ओढून घेतं, आणि प्रोब मंद होतो. ठेवायचा तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून १०० मिली द्रावण. चुकून कोरडा पडलाच तर याच द्रावणात रात्रभर भिजवा, बहुतेक वेळा तो सावरतो. टोपीभोवती जमलेले पांढरे स्फटिक म्हणजे बिघाड नव्हे, पाण्याने धुतले की झालं.

डिस्टिल्ड पाण्याचाच पीएच मोजायचा असेल तर ७ ची अपेक्षा धरू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ५.६ च्या आसपास येतो, आणि आयन इतके कमी असतात की आकडा एका जागी ठरत नाही. औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांत अशा १०० मिली पाण्यात ०.३ मिली संपृक्त पोटॅशियम क्लोराइड घालून मोजतात. तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती फक्त दर एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट हा उतार बदलते. नमुन्याचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, त्याच्याशी तिचा संबंध नाही. शुद्ध पाणी ५० अंशांना उदासीनच असतं, पण पीएच ६.६३.

मातीचं गणित थोडं निराळं. २० ग्रॅम चाळलेल्या मातीत ५० मिली डिस्टिल्ड पाणी घालून अर्धा तास अधूनमधून ढवळतात आणि पीएच घेण्याच्या आधी एकदा पुन्हा ढवळतात. गाळात आणि वरच्या निवळीत प्रोब वेगवेगळे आकडे दाखवू शकतो, म्हणून सगळ्या नमुन्यांसाठी पद्धत एकच ठेवायची. काळ्या मातीचे बारीक कण फुग्याला चिकटतात. ते वॉश बॉटलच्या धारेनेच काढा आणि टिश्यूने नुसतं टिपून घ्या. घासलं तर काचेवर स्थिर विद्युतभार येतो, आणि पुढच्या नमुन्याचा आकडा बराच वेळ हेलकावत राहतो.