कुंदा : एका उच्चाराची अनेक कुळे

ज्या शहराचे नाव कोणत्या भाषेत कसे लिहावे यावर मोर्चे निघाले, त्याच बेळगाव शहराचे ‘कुंदानगरी’ हे टोपणनाव मराठी आणि कन्नड दोन्ही वृत्तपत्रे सारख्याच सहजतेने छापतात. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यावरून उभ्या राहिलेल्या सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे अधिकृत रूप ‘बेळगावी’ झाले. या साऱ्या काळात गावांची, गल्ल्यांची आणि चौकांची नावे वादात सापडली. कुंदा मात्र त्यातून बाहेर राहिला. तरीही शब्द मराठी की कन्नड, हा प्रश्न सीमाभागात कोणत्याही शब्दाबाबत निघतो, तसा तो कुंद्याबाबतही अधूनमधून निघतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ‘कुंदा’ हा एक शब्द नाही. एकाच उच्चाराखाली वेगवेगळ्या भाषांतून आलेले, एकमेकांशी नाते नसलेले अनेक शब्द येथे येऊन राहिलेले आहेत.

सर्वांत प्रसिद्ध अर्थ अर्थातच मिठाईचा. दूध आटवत असताना त्यात थोडे दही घालून ते दाणेदार करतात, मग साखर आणि खवा घालून मंद आचेवर उलथणे न थांबवता ते परतत राहतात. साखर करपण्याच्या अलीकडच्या टप्प्यावर येते तेव्हा कढईतला ऐवज पांढऱ्याचा तपकिरी होऊ लागतो आणि कडेने तूप सुटते. येथे हात थांबला तर घाणा खाली लागतो, आणि घाईने उतरवला तर तो कुंदा न होता नुसता गोड खवा राहतो. धारवाडचा पेढाही याच परतण्याच्या कसबावर उभा आहे, पण पेढा वळला जातो आणि कुंदा मोकळा, रवाळ ठेवला जातो, एवढा फरक दोन्ही शहरांची माणसे अभिमानाने सांगतात. चुलीवर ठेवलेले दूध एका मारवाडी मिठाईवाल्याच्या हातून नजरचुकीने जास्त आटले आणि त्यातून हा पदार्थ जन्मला, अशी कथा शहरात सर्वत्र ऐकू येते. अशा अपघाताच्या कथा अनेक मिठायांच्या नावावर जमा असतात, त्यामुळे ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. तिच्यातला एक धागा मात्र महत्त्वाचा आहे, तो म्हणजे राजस्थानातून आलेल्या मिठाईवाल्यांचा.

हिंदीच्या जुन्या कोशांत ‘कुंदा’ या शब्दाचा एक अर्थ भाजलेले, आटवलेले दूध, म्हणजेच खवा किंवा मावा असा दिलेला आहे आणि ‘कुंदा भूनना’ हा प्रयोगही नोंदलेला आहे. मिठाईचे कारागीर उत्तरेकडचे, पदार्थाचा आधार खवा आणि खव्यासाठी त्यांच्या बोलीत आधीच असलेला शब्द, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की नाव कोठून आले असावे याचा अंदाज बांधणे अवघड जात नाही. हे अनुमान बरोबर असेल, तर बेळगावच्या ओळखीला चिकटलेला हा शब्द मूळचा मराठीही नाही आणि कन्नडही नाही. तो व्यापाऱ्यांच्या आणि आचाऱ्यांच्या वाटेने आला, येथे त्याचा अर्थ सामान्य खव्यापासून एका विशिष्ट पदार्थापर्यंत अरुंद झाला आणि दोन्ही भाषांनी तो जसाच्या तसा घेतला.

शेतकऱ्याच्या तोंडचा कुंदा याहून पूर्ण निराळा. काळ्या जमिनीत वाढणारे हे बहुवर्षायू गवत कृष्णाकाठच्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मराठी शेतकऱ्यांचे जुने वैरी आहे. वरून पाहिले तर ते कापून टाकण्याजोगे साधे गवत वाटते, परंतु त्याचे खरे घर जमिनीखाली असते. त्याची पेरेदार खोडे हातभर आणि काही रानांत त्याहूनही खोल पसरतात, आणि कुळवाने किंवा हलक्या नांगराने तुटलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पेऱ्यातून नवा कोंब निघतो, म्हणजे वरवरच्या मशागतीने कुंदा कमी होण्याऐवजी शेतभर पसरतो. म्हणून उन्हाळ्यात रान तापलेले असताना कुदळी आणि पहारींनी जमीन खोल खणायची, ढेकळे उलटी पाडायची, कुंद्याच्या कांड्या वेचून बांधावर उन्हात वाळू द्यायच्या, हे काम पूर्वी उक्ते देऊन करून घेतले जाई, आणि ते न परवडणारा शेतकरी त्या पट्ट्यातले पीक मनातून वजा करूनच पेरणी करी. अलीकडे ग्लायफोसेटसारख्या तणनाशकांनी खणणीची जागा बरीचशी घेतली आहे. हरळी हेही असेच चिवट तण, पण तिची दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर जाण्याची सोय आहे. कुंद्याला तसा मान कोणत्याही देवाने दिलेला नाही.

या तणाचा आणि बेळगाव शहराचा एक संबंध मात्र आहे, आणि तो मिठाईच्या दुकानाशी नसून लोहारशाळेशी आहे. लाकडी नांगराचा फाळ कुंद्याच्या मुळापर्यंत पोचत नसे, त्यामुळे खोल जाणारा लोखंडी नांगर ही काळ्या रानाची खरी गरज होती. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवायला प्रारंभ केला तो बेळगावातच. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे सुरुवातीला शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये त्यांचा कारखाना औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर गेला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कुंडल या नावाचा कुंद्याशी काही संबंध नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे, कारण नेमक्या अशाच योगायोगांवर लोकव्युत्पत्ती पोसली जाते.

सीमाभागाच्या जमिनीचा पोत पाहिला तर या दोन अर्थांची वाटणीही जवळजवळ नकाशावर आखता येते. पश्चिमेला खानापूरच्या बाजूने तांबडी माती, मुबलक पाऊस आणि भाताची शेती, म्हणून तेथल्या माणसाच्या कानावर कुंदा पडला की त्याला मिठाईचा खोका आठवतो. पूर्वेला अथणी, रायबागकडे काळे रान लागते, आणि तेथे ‘यंदा कुंदा फार मातलाय’ हे वाक्य मिठाईबद्दल असू शकत नाही.

तिसरे कूळ फारसीचे आहे, आणि त्यातही दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. फारसी ‘कुंद’ म्हणजे बोथट, धार गेलेला; त्यातून मराठीत कुंद बुद्धी आली आणि ढगांनी भरलेली, वारा पडलेली कुंद हवाही आली. जून-जुलैत बेळगावचे आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही तेव्हा येथील मराठी माणूस याच विशेषणाचा आधार घेतो. दुसरा फारसी शब्द ‘कुंदा’, म्हणजे लाकडाचा ओंडका किंवा ठोकळा. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला कुंदा म्हणण्याची रीत त्यातून पडली आणि ती हिंदुस्थानी बोलणाऱ्या फौजांबरोबर सर्वत्र पोचली. धुतलेल्या कापडावर लाकडी मोगरीने ठोकून त्याला सफाई आणण्याच्या क्रियेला ‘कुंदी’ म्हणत, आणि माणसाला बडवून काढण्यालाही विनोदाने तेच नाव मिळाले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे तेथे बंदुकीचा कुंदा आणि खाण्याचा कुंदा शेजारी शेजारी नांदले याचे आश्चर्य वाटायला नको. खव्याच्या गोळ्याची आणि लाकडाच्या ठोकळ्याची सोयरीक जुळवण्याचा मोह होतो, पण दोन्ही वस्तू घट्ट असतात यापलीकडे तिला आधार नाही.

संस्कृतातला ‘कुंद’ हा हिवाळ्यात फुलणारा, मोगऱ्याच्या जातीचा पांढरा फुलवेल. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ या सरस्वतीवंदनेत तो पहिल्याच चरणात येतो, आणि कवींनी सुंदर दातांना उपमा द्यायला कुंदकळ्या इतक्या वापरल्या की पुढे त्या वापरायला लाज वाटावी. कुबेराच्या नवनिधींमध्येही एकाचे नाव कुंद आहे. मराठी घरांत मुलींचे कुंदा हे नाव या फुलावरून पडले. आजी किंवा मावशीच्या पिढीत ते सर्रास आढळते, आता क्वचित ठेवले जाते. बेळगावात हे नाव धारण करणाऱ्या स्त्रीला शाळेत काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करता येते.

स्थानिक इतिहासात शिरले की सापळे आणखी वाढतात. सौंदत्तीचे रट्ट ज्या प्रदेशावर राज्य करीत त्याचे नाव शिलालेखांत ‘कुंडी ३०००’ (हा आकडा गावांच्या संख्येचा मानला जातो) किंवा ‘कुहुंडी’ असे येते. आधी राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या या घराण्याने तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावला आणली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती ही जैन वास्तू चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविली. जुन्या कुंडी प्रदेशाची राजधानी ती आजची कुंदानगरी, असे समीकरण मांडणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. ‘ड’ आणि ‘द’ यांतला फरक बाजूला ठेवला, तरी मधल्या सात-आठ शतकांचा दुवा मिठाईच्या कढईतून सापडणार नाही. शिवाय आजच्या कन्नडमध्ये ‘कुंडी’ या शब्दाचा अर्थ माणसाचे बूड असा आहे. नव्याने येथे राहायला आलेल्या मराठी गृहिणीने रोपवाटिकेत जाऊन ‘दोन मोठ्या कुंड्या दाखवा’ म्हटले की दुकानातले लोक तिच्याकडे का पाहतात, हे तिला उशिरा कळते.

जैनांच्या तोंडी मात्र ‘कुंद’ आदराने येतो. ‘मंगलं कुन्दकुन्दार्यो’ असे ज्यांचे स्मरण दिगंबर परंपरा महावीर आणि त्यांचे पट्टशिष्य गौतम गणधर यांच्यापाठोपाठ करते, ते आचार्य कुंदकुंद हे आंध्रातल्या अनंतपूर भागातील कोंडकुंद गावावरून ओळखले जातात, असे मानले जाते. म्हणजे येथे फूल नाही, गाव आहे. द्राविडी गावनावाचे संस्कृत रूप करताना ते आपोआप फुलासारखे दिसू लागले. सीमाभागात दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यातला मराठी बोलणारा एखादा सकाळी कुंदकुंदांचे नाव घेऊन, दुपारी रानातला कुंदा खणून, संध्याकाळी पाहुण्यांसाठी कुंद्याचा खोका आणू शकतो, आणि या तिन्ही शब्दांचे पूर्वज एकमेकांना ओळखतही नाहीत.

भारताबाहेर तर हा उच्चार आणखी मोकाट फिरतो. बाल्टिक समुद्राजवळच्या एस्टोनिया देशात फिनलंडच्या आखातावर कुंदा नावाचे लहान शहर आहे. एकोणिसाव्या शतकापासून ते सिमेंटसाठी ओळखले जाते, पण पुरातत्त्वज्ञांना ते त्याहून महत्त्वाचे वाटते. तेथील लाम्मासमागी टेकडीवर सापडलेल्या हाडांच्या आणि शिंगांच्या हत्यारांवरून मध्याश्मयुगातल्या शिकारी लोकांच्या एका संस्कृतीला ‘कुंदा संस्कृती’ हे नाव पडले, आणि तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. ८५०० ते ५००० असा धरतात. आफ्रिकेत झांबियाच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या एका समाजाचे नाव कुंदा आहे, तर शेजारच्या झिम्बाब्वेतील शोना भाषेत ‘कुकुंदा’ म्हणजे जिंकणे. चेक भाषेत मात्र हाच शब्द स्त्रीच्या अवयवाला दिलेली शिवी आहे, तेव्हा प्रागमध्ये कोणाला बेळगावची मिठाई भेट द्यायची झाल्यास नाव न सांगता खोका पुढे करणे शहाणपणाचे ठरेल. क, न, द आणि एक-दोन स्वर ही जगातल्या बहुतेक भाषांत सापडणारी सामग्री आहे, आणि इतक्या थोड्या सामग्रीतून बनलेला छोटा शब्द ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तयार न होता तरच नवल. शब्दांचे नाते ठरवायचे तर एका शब्दाचे साम्य पुरत नाही. अनेक शब्दांत नियमाने होणारे ध्वनिबदल दाखवावे लागतात.

कन्नडचा स्वतःचा शब्द शेवटी उरतो. ‘कुंदु’ हे कन्नड क्रियापद कमी होणे, खचणे, ओसरणे या अर्थाचे आहे, आणि नाम म्हणून त्याचा अर्थ उणीव किंवा दोष. त्याला उणीव याच अर्थाचा ‘कोरते’ जोडला की ‘कुंदुकोरते’ हा जोडशब्द तयार होतो, आणि तो सरकारी कन्नडमध्ये ‘तक्रारी, गाऱ्हाणी’ यासाठी रूढ आहे. जनतेची गाऱ्हाणी ऐकण्याच्या सभांचे फलक तालुक्यांच्या कचेऱ्यांवर याच शब्दाने सुरू होतात. कन्नड अक्षरे जुळवून वाचण्यापुरती येणारा मराठी माणूस पहिली दोन अक्षरे वाचून क्षणभर मिठाईपाशी थांबतो आणि मग पुढे वाचतो. त्या सभांना अर्ज घेऊन येणाऱ्यांत, आपल्याला सरकारी कागदपत्रे मराठीतही मिळावीत, हे गाऱ्हाणे मांडणारेही असतात.