ती ‘मठाची नाणी’ नव्हेत

इंग्लंडमध्ये शेतात, नदीकाठी, जुन्या मठांच्या अवशेषांत पितळेच्या पातळ चकत्या सापडतात. त्यांना ‘मठाची नाणी’ म्हणायची प्रथा जुनी आहे. भिक्षू आपसांत हेच चलन वापरत, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. त्या हिशेबाच्या चकत्या होत्या आणि त्यांनी काहीही विकत घेता येत नसे.

रेघा किंवा चौकटी आखलेल्या कापडावर त्या मांडत. एक रकाना पेन्सचा, पुढचा शिलिंगचा, त्यापुढचा पौंडाचा. ७ पेन्समध्ये ८ मिळवायचे असतील तर पहिल्या रकान्यात १५ चकत्या जमत. १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग, म्हणून त्यांतल्या १२ उचलायच्या, शिलिंगच्या रकान्यात एक ठेवायची, मागे उरल्या ३. झाला हिशेब! रोमन आकड्यांत लिहून बेरीज करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं. राजाच्या खजिन्यातही बाराव्या शतकात असंच आखलेलं कापड अंथरून हिशेब होत.

सुरुवातीच्या इंग्रजी चकत्यांवर पेनी या चांदीच्या नाण्यासारखेच छाप दिसतात, म्हणून घोटाळा होणं साहजिक आहे. पण कित्येकींच्या मधोमध भोक किंवा खळगा आहे. चांदीचा मुलामा देऊन ती पेनी म्हणून खपवता येऊ नये, यासाठी तो केला असं मानतात.

मठांत त्या सापडतात, कारण मठांकडे जमिनी होत्या, खंड-वसुली होती, हिशेबनीस होते. शिवाय राजा आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० दरम्यान मठ बंद पाडले. इंग्लंडमध्ये भरपूर सापडणाऱ्या, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात बनलेल्या चकत्यांपैकी अनेकींवर हान्स क्राउविंकेल या कारागिराचं नाव असतं, आणि त्या नावाच्या दोन कारागिरांपैकी दुसऱ्याचं काम सुरू झालं १५८६च्या सुमारास. तोवर इंग्लंडात मठच उरले नव्हते.