सह्याद्री : वय आणि झीज

सह्याद्रीचं वय सांगताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, दगडाचं वय आणि डोंगराच्या आकाराचं वय. दगडाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्याचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झाला. आज हा कातळ सुमारे ५ लाख चौ. किमीवर शिल्लक आहे, मूळचा पसारा याहून मोठा धरतात. कोल्हापूर-बेळगावच्या पुढे दक्षिणेला बेसाल्ट संपतो आणि कितीतरी जुने खडक सुरू होतात. तो भाग इथे घेतलेला नाही.

आकाराचं वय मात्र वादाचं आहे. हिमालयासारखा हा वळ्या पडून उचललेला पर्वत नाही, घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवेच आहेत. देशावरून गेलं की डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही आणि एकदम कोकणकड्यासारखी धार समोर येते, म्हणजे खरं बघितलं तर ही पठाराची तुटलेली कड आहे. ती तुटली कशी? जुनं मत असं की पश्चिम किनाऱ्याला समांतर मोठा भ्रंश झाला, म्हणजे जमीन तडकून सरकली, पलीकडचा भाग समुद्रात खचला आणि उरलेली भिंत म्हणजे सह्याद्री. सेशेल्सचा (हिंद महासागरातल्या बेटांचा) तुकडा साधारण त्याच सुमाराला, लाव्हा थांबल्यावर थोड्याच काळात, भारतापासून सुटला, त्यामुळे हे मत पटायचंही. दुसरं मत पनवेलजवळच्या थरांवर उभं आहे. तिथे थर पश्चिमेकडे चांगलेच कलतात, म्हणून ते तुटले नाहीत, वाकले असं हे अभ्यासक म्हणतात. तिसऱ्या मताप्रमाणे कडा सुरुवातीला आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला, किनाऱ्याच्या जवळ होता आणि झिजत झिजत पूर्वेला मागे सरकला.

अलीकडचा कल या तिसऱ्या मताकडे आहे आणि पुरावाही त्याच बाजूला जास्त दिसतो. माथेरान, प्रबळगड, माहुली हे मुख्य रांगेपासून सुटून कोकणात उभे आहेत आणि त्यांचे थर आजही घाटातल्या थरांशी जुळवता येतात, मधला सगळा दगड वाहून गेलाय. गोदावरी त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किमीच्या आसपास, तरी ती जवळजवळ १४६५ किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणजे पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. कोकणातल्या आखूड, वेगवान नद्या मात्र नाळी-घळी मागे मागे कोरत घाटमाथा खात असतात.

माथ्यावर झीज फार हळू आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या डोक्यावर जांभ्याची, म्हणजे तांबड्या दगडाची, टोपी आहे, पाचगणीचं टेबललँड त्याचंच. जांभा सपाट, पाणी मुरणाऱ्या जमिनीत खडक हजारो-लाखो वर्षं कुजून तयार होतो, म्हणजे तो माथा एकेकाळी सलग सपाटी होता आणि तेव्हापासून वरून फार थोडं गेलंय. महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिमीच्या आसपास पाऊस पडूनही हे टिकलं याचं आश्चर्य वाटतं, पण कवच कडक असलं की पाणी वरून खरवडण्यापेक्षा कडेनेच पोखरतं. सुळके, नेढी (कातळातली आरपार भोकं) ही त्याच पोखरण्याची रूपं.

झीज झाली की उंची कमीच होणार असं वाटतं, पण तसं सरळ नाही. होडीतून माल उतरवला की ती थोडी वर येते, तसंच कोकण पट्टीतला दगड वाहून गेला की भार हलका होऊन पृथ्वीचं कवच वर उचललं जातं आणि शेजारची पठाराची कडही. सह्याद्री एवढा काळ उंच राहिलाय (कळसूबाई, १६४६ मी.) त्यामागे हे कारण बहुतेक अभ्यासक धरतात. अरवली १०० कोटी वर्षांहून जुना असून अजून पूर्ण सपाट झालेला नाही, तेव्हा ‘पर्वत इतक्या वर्षांत संपतो’ असा एकच आकडा देणं बरोबर नाही.

माणसाच्या आयुष्यात ही झीज दरडीच्या रूपाने दिसते. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडलं गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. जुलै २०२१ ला तळिये, जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. तिन्ही वेळी मुसळधार पाऊस आणि उतारावरचा कुजलेला, सैल थर. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप हा वेगळा विषय, तो धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. त्याच्या अभ्यासासाठी पुढे कोयना परिसरात खोल विंधनं घेतली, त्यांत बेसाल्ट एक किमीच्या आसपास संपून खाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागला.