कॅशे की डाउनलोड? टेलिग्रामनं भरलेली सी ड्राइव्ह रिकामी करण्याआधी

नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत परवा संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. "दादा, हे टेलिग्रामचं फोल्डर उडवू का? टेम्पररी फाइलच आहेत ना सगळ्या?" तिचा कर्सर होता डाउनलोड्समधल्या 'टेलिग्राम डेस्कटॉप' या फोल्डरवर. मी ते उघडून दाखवलं. आत तिच्या दोन वर्षांच्या राज्यसेवेच्या नोट्स होत्या.

फोल्डरला ॲपचं नाव आहे म्हणजे आतलं सगळं ॲपचंच, असं तिला वाटलं. पेठांमधल्या अभ्यासिकांत हा गोंधळ मी सारखा पाहतो. इथं निम्मा अभ्यास टेलिग्रामवरच्या पीडीएफवर चालतो आणि लॅपटॉप बहुतेकांचा 256 जीबीचा, जो विंडोज मोजते तेव्हा 238 जीबीच भरतो. जागा संपणारच. पण ती दोन अगदी वेगळ्या गोष्टींनी संपते, आणि त्यातली एकच बिनधास्त पुसता येते.

चॅनेल वर-खाली करताना फोटो दिसतात, व्हिडिओ जागच्या जागी चालतात. ते दिसायचे तर आधी लॅपटॉपवर उतरावेच लागतात. टेलिग्राम ते आपल्याजवळ ठेवून देतं, म्हणजे तोच फोटो पुन्हा पाहताना नेट खर्च होत नाही. हा कॅशे. टेलिग्राम त्यांच्या साइटवरून घेतलं असेल, तर विंडोजवर तो ॲपडेटा, रोमिंग, टेलिग्राम डेस्कटॉप, टीडेटा असा खोल जाऊन बसलेला असतो. तिथं डोकावलंत तर ओळखीचं एकही नाव सापडणार नाही. फाइल एन्क्रिप्ट केलेल्या असतात, टेलिग्रामशिवाय दुसऱ्या नेहमीच्या ॲपमध्ये त्या उघडत नाहीत.

पीडीएफवरच्या बाणावर क्लिक केलं की मात्र ती स्वतःच्या नावानिशी डाउनलोड्समधल्या त्या फोल्डरात येते. ती कुठल्याही लॅपटॉपवर उघडते, पेन ड्राइव्हवर घेता येते, टेलिग्राम काढून टाकलं तरी जागेवर राहते.

तिला मी वाचनालयाचं उदाहरण दिलं. संदर्भ विभागातलं पुस्तक मागवून टेबलावर ठेवलं, तो कॅशे. टेबल भरलं की परत करा, हवं तेव्हा पुन्हा मागवा. त्याच पुस्तकाची झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून खोलीवर नेली, ते डाउनलोड. ती रद्दीत घातली तर वाचनालय काही नवी आणून देणार नाही.

कॅशे पुसायची जागा टेलिग्रामच्या आतच आहे: सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, मग मॅनेज लोकल स्टोरेज. फोटो, व्हिडिओ, स्टिकर असं किती काय साठलंय ते तिथं वेगवेगळं दिसतं आणि वर सगळं एकदम पुसायचं बटण असतं. ते दाबल्यानं एकही मेसेज जात नाही, ग्रुप सुटत नाही, डाउनलोड्समधल्या पीडीएफलाही धक्का लागत नाही. टेलिग्रामच्या नेहमीच्या चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात, आपल्याकडे फक्त प्रत उतरते. टीडेटा फोल्डर मात्र हातानं डिलीट करू नका. लॉगिनच्या किल्ल्या त्यातच असतात. ते गेलं की ॲप पुन्हा फोन नंबर आणि कोड मागणार.

आणि ते बटण रोज दाबायचं नसतं. अभ्यासिकेतली बरीच मुलं फोनच्या हॉटस्पॉटवर नेट चालवतात. सकाळी कॅशे पुसला, तर संध्याकाळी तेच व्हिडिओ पाहताना दिवसाच्या डेटातून तेवढेच एमबी पुन्हा जातात. त्याच खिडकीत खाली पट्ट्या असतात: एकूण कॅशे किती वाढू द्यायचा, त्यात व्हिडिओसारख्या मीडियाचा किती, किती जुन्या फाइल ठेवायच्या. त्या एकदा नीट लावून ठेवल्या की जुनं आपोआप जात राहतं. माझ्या मते पुसायच्या बटणापेक्षा या पट्ट्या कितीतरी कामाच्या आहेत.

डाउनलोडची बाजू अशी एका बटणात आवरत नाही. तिथं बसून निवडावं लागतं. चॅटमधला मेसेज डिलीट केला तरी उतरवलेली फाइल तशीच राहते. दुसरं म्हणजे, पीडीएफ उतरवल्यावर तुम्ही ती 'भूगोल' नावाच्या फोल्डरात हलवलीत, की टेलिग्रामला ती सापडत नाही. चॅटमधून पुन्हा उघडायला गेलात की ते पुन्हा उतरवतं. तीच फाइल दोन-तीन चॅनेलवरून घेतली असेल तर नावापुढे कंसात 2, 3 असे आकडे लागलेल्या प्रती साठतात. त्या मुलीच्या फोल्डरात अशा कितीतरी निघाल्या. फोल्डर आकारानुसार लावलं की मोठे व्हिडिओ वर येतात, नावानुसार लावलं की या जुळ्या प्रती शेजारी-शेजारी येतात. आम्ही तसंच केलं. प्रत्येक जुळी उघडून पाहिली, कारण 'नोट्स' नावाच्या दोन फाइल कधीकधी खरंच वेगळ्या असतात. शेवटी रिसायकल बिन रिकामी केली. तोवर जागा एक एमबीनंही वाढत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं गेलात की जी यादी येते, तिच्यात 'डाउनलोड्स' हेही एक नाव असतं. त्यावर आधीपासून खूण नसते, पण घाईत सगळ्या चौकोनांवर खुणा करू नका. तिथून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

कॅशे पुन्हा मिळतो म्हणालो, ते मूळ पोस्ट जागेवर असेपर्यंतच. चॅनेल चालवणाऱ्यानं पोस्ट काढली किंवा चॅनेल बंद झालं, तर परत मागवायला काही उरत नाही. म्हणून जी पीडीएफ परीक्षेपर्यंत लागणार आहे, ती आधी डाउनलोड करून घ्या आणि पेन ड्राइव्हवर तिची आणखी एक प्रत ठेवा.

निघताना तिनं विचारलं, "मग व्हॉट्सॲपलाही असंच करायचं का?" नाही. व्हॉट्सॲप मेसेज पोहोचल्यावर तो सर्व्हरवर ठेवत नाही, न पोहोचलेला 30 दिवस ठेवतं. जुने फोटो आणि फाइल तुमच्या किंवा पाठवणाऱ्याच्या फोनवरच असतात. फोनवरूनही त्या पुसल्या गेल्या असतील, तर लॅपटॉपवरची प्रत हीच तुमच्याकडची शेवटची असू शकते. विंडोजमधून ॲप रीसेट केलं तर लॅपटॉप पुन्हा जोडावा लागतो, आणि जोडल्यावर फोनवरचा सगळा जुना इतिहास इकडे येतोच असं नाही. तिथं आधी हव्या त्या फाइल सेव्ह ॲज करून वेगळ्या फोल्डरात घ्यायच्या, त्या उघडताहेत का पाहायचं, आणि मगच बाकीच्याला हात लावायचा.