१० वर्षांचा कुत्रा ‘सत्तरीचा’च असतो असं नाही

‘१० वर्षांचा कुत्रा म्हणजे सत्तरीचा म्हातारा, त्याच्यावर खर्च कशाला?’ निवाऱ्यातल्या वयस्क कुत्र्याचं पालकत्व घ्या म्हटलं की हे ऐकू येतंच. पण कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असा सातने गुणायचा हा हिशेबच चुकीचा आहे. वर्षाची कुत्री बहुधा वयात आलेली असते. सात वर्षांचं मूल पहिली-दुसरीत असतं! कुत्र्याचं वय आधी झपाट्याने वाढतं, मग वेग मंदावतो. लहान चणीची कुत्री तर पुष्कळदा १५ वर्षंही गाठतात. हे उरलेले दिवस सुखाचे जायला सांधेदुखीचं औषध, मऊ अन्न, जाड अंथरूण लागतं. अंध कुत्रा वासावर वाट काढतो, फक्त त्याचं भांडं रोज त्याच जागी हवं. पालकत्व म्हणजे घरी नेणं नव्हे. तो निवाऱ्यातच राहतो, तुम्ही दरमहा जमेल तेवढा खर्च उचलता.