नर्मदेचं पाणी आणि बारीक गळतीचा आवाज

इंदूरला नर्मदा सहजासहजी आली नाही. 1970 साली शहर तिच्यासाठी रस्त्यावर उतरलं आणि 1978 मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी शहरात पोहोचलं. वाट सुमारे 70 किलोमीटरची, चढ सुमारे 500 मीटरचा, आणि तो सगळा विजेच्या पंपांवर. रामबागेतल्या एखाद्या गल्लीत जमिनीखाली झिरपणारं पाणीही आधी घाट चढून आलेलं असतं. मोठा पाइप फुटला की तासाभरात सगळ्या वस्तीला कळतं. बारीक भोक मात्र महिनोन्‌महिने वाहत राहतं.

ते शोधायची जुनी रीत कानाची. रात्री वॉल्व्हवर दांडी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं. दाबाखालचं पाणी फटीतून सुटताना सळसळतं आणि तो आवाज पाइपातून दोन्ही बाजूंना धावतो. 1897-98 मध्ये मॉस्कोच्या नळयोजनेवर प्रयोग करताना रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्कींनी आणखी एक वाट दाखवली: वॉल्व्ह झटकन बंद केला की उठणारी दाबाची लाट गळतीपाशी अंशतः परतते, त्या परतीच्या वेळेवरून जागा काढता येते.

खरी उडी 1970 च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटनमध्ये कोरिलेटर, म्हणजे दोन ठिकाणचे आवाज ताडून पाहणारी यंत्रं, आली तेव्हा पडली. पाइपावर दोन ठिकाणी सेन्सर लावायचे आणि एकच सळसळ दोघांकडे किती फरकाने पोहोचते ते गणिताने काढायचं. सेन्सरांमध्ये 200 मीटर अंतर, आवाजाचा वेग सेकंदाला 1200 मीटर आणि फरक 50 मिलिसेकंद असेल, तर गळती जवळच्या सेन्सरपासून 70 मीटरवर. कानाला न उमगणारा आवाजही या तुलनेत वर येतो, कारण रहदारीचा गोंगाट दोन्ही टोकांना सारखा नसतो. अशी तुलना करताना कोणत्या सुरांच्या कंपनांना किती वजन द्यायचं, याची नीट मांडणी संशोधक नॅप आणि कार्टर यांनी 1976 मध्ये केली होती.

बिडाच्या पाइपांवर हे छान जमलं. प्लास्टिकने घोळ घातला. त्यात आवाज मंद चालतो आणि त्यातले वरचे सूर लवकर विरतात. 1999 मध्ये कॅनडातल्या हुनैदी आणि चू यांनी मोजून दाखवलं की प्लास्टिकच्या पाइपातल्या गळतीचा आवाज मुख्यतः 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 कंपनांच्या) खाली असतो. त्यानंतर खालचे सूर पकडणाऱ्या सेन्सरांकडे लक्ष वळलं.

ही सगळी विद्या मात्र चोवीस तास दाब असलेल्या शहरांची आहे. इंदूरच्या बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतात. दाब असतो त्याच वेळी घरोघरी तोट्या उघड्या आणि मोटारी चालू, आणि मध्यरात्री, ऐकायच्या वेळी, पाइप रिकामे. शिवाय दाब उतरला की त्याच भोकातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून बारीक गळती हा मला पाण्याच्या हिशेबापेक्षा आरोग्याचा प्रश्न वाटतो. इथे सेन्सर वॉल्व्हवरच बसवून ठेवावे लागतील आणि रेकॉर्डिंग नळ सुटायच्या वेळेला बांधावं लागेल: तोट्या उघडण्याआधी, पाइप भरून दाब चढतो त्या मोजक्या मिनिटांत.