उभी मालगाडी पळते कशी? ब्रेकच्या नियमांमागची दीडशे वर्षं

25 फेब्रुवारी 2024 च्या सकाळी जम्मूतल्या कठुआ स्थानकातून खडीने भरलेली 53 डब्यांची मालगाडी लोको पायलटविना निघाली. पठाणकोट मागे टाकून ती सुमारे 70 किलोमीटर धावली. वाटेतली फाटकं बंद करून मार्ग मोकळा ठेवण्यात आला आणि अखेर पंजाबात मुकेरियांजवळच्या उच्ची बस्सी इथे रुळांवर वाळूची पोती व लाकडी ठोकळे टाकून तिला थांबवलं गेलं. कुणी दगावलं नाही. त्या दिवशी बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: चालक नसताना गाडी चालली कशी? रेल्वेच्या दृष्टीने खरा प्रश्न उलटा आहे. उतारावरची गाडी चालतेच. ती उभी कशाच्या जोरावर होती, हे आधी पाहावं लागतं.

गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनातला कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि ती ब्रेक पाइपमधून शेवटच्या डब्यापर्यंत जाते. भारतात या पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब ठेवतात. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी असते. पाइपमधला दाब कमी केला की डब्यावरचा झडप-संच टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ब्लॉक चाकाला भिडतात. म्हणजे पाइप तुटला किंवा गाडीचे दोन तुकडे झाले, तर दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये आणलेल्या पहिल्या ब्रेकमध्ये हे नव्हतं. पाइप फुटला की ब्रेकच जायचा. ही उणीव 1872 च्या त्याच्या ट्रिपल व्हॉल्व्हने भरून काढली.

सुधारणा हाताशी असूनही कंपन्या खर्चाला कचरत राहिल्या. त्याची किंमत 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथे मोजावी लागली. सहलीच्या गाडीत मुलंच मुलं होती. गाडी चढावर अडकली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मागचे 10 डबे सोडवून पुढचे आधी वर नेऊन ठेवायचं ठरवलं. गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे पाइपमधली हवा शोषून लागणारा ब्रेक, स्वयंचलित नव्हता, त्यामुळे डबे सुटताच तो निकामी झाला. मागे उरला गार्डच्या डब्यातला एक हँडब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे आला, त्या धक्क्याने दगड चिरडले आणि 10 डबे उतारावरून मागे धावत जाऊन पाठून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण गेले. तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेत मालगाड्यांचे ब्रेकमन पावसात-बर्फात डब्यांच्या टपांवरून पळत एकेक चाक फिरवून ब्रेक आवळत आणि पडून मरत. तिथे 1893 च्या कायद्याने इंजिनातून चालणारे ब्रेक आणि डबे एकमेकांना जोडणारे स्वयंचलित कपलर बंधनकारक केले.

या कायद्यांनी धावत्या आणि तुटलेल्या गाडीचा प्रश्न सोडवला. उभ्या करून ठेवलेल्या गाडीचा प्रश्न मात्र पुढची सव्वाशे वर्षं माणसाच्या अंदाजावरच राहिला.

कारण हवा टिकत नाही. प्रत्येक जोडात, प्रत्येक सिलिंडरच्या रबरी पॅकिंगमध्ये थोडी थोडी गळती असतेच, आणि थंडीत ती वाढते. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर ही गळती भरून काढतो. इंजिन बंद झालं की दाब उतरू लागतो. त्यातही एक मेख आहे: झडप-संच दाब झपाट्याने घटला तरच ब्रेक लावतो. पाइप हळूहळू रिकामा झाला तर त्याला काही कळतच नाही. म्हणून उभ्या गाडीचा खरा आधार हँडब्रेक. डब्यावरचं चाक हाताने फिरवलं की साखळी आणि दांड्या ताणल्या जातात आणि ब्लॉक चाकावर आवळले जातात. यात हवेचा काही संबंध नाही. पण किती डब्यांचे ब्रेक आवळायचे, आणि आवळले ते पुरेसे आहेत हे कसं ठरवायचं?

कॅनडाच्या नियमपुस्तकात याचं उत्तर होतं: ‘पुरेसे’. 5 जुलै 2013 च्या रात्री क्विबेकमधल्या नॉन्त गावाजवळ कच्च्या तेलाची गाडी मुख्य मार्गावर सुमारे एक टक्का उतारावर, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, उभी केली गेली. 5 इंजिनं, तेलाच्या 72 टाक्या, वजन 9 हजार टनांहून जास्त आणि कर्मचारी एकच. त्याने 7 हँडब्रेक लावले: पाचही इंजिनांचे आणि त्यांना लागून असलेल्या दोन बिगर-तेल डब्यांचे. कंपनीच्या तक्त्यातली किमान संख्याही 9 होती. डब्यांचा हवेचा ब्रेक लावलेलाच नव्हता.

घात झाला तो चाचणीत. हँडब्रेक पुरेसे आहेत का हे पाहायची पद्धत सोपी आहे. आधी हवेचे सगळे ब्रेक सोडायचे, मग इंजिनाने गाडीला हलकीच ओढ द्यायची; गाडी जागची हलली नाही तर ठीक. नॉन्तला ही चाचणी इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेले असतानाच झाली. गाडी हलली नाही, पण ती धरून ठेवली होती हवेने. पुढे कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने हिशेब मांडला. त्या 7 हँडब्रेकचा जोर सुमारे 48,600 पौंड होता आणि लागत होता 1,46,700 पौंड. कोण किती जोराने चाक आवळतो त्यानुसार 17 ते 26 हँडब्रेक हवे होते.

मध्यरात्रीच्या सुमारास पुढच्या इंजिनाला आग लागली. काही महिन्यांपूर्वी त्याची दुरुस्ती चुकीच्या पदार्थाने उरकली होती. अग्निशामकांनी आग विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. इतर चारपैकी एकही इंजिन सुरू केलं गेलं नाही. कॉम्प्रेसर थांबला, दाब उतरत गेला आणि एकच्या थोडं आधी गाडी निघाली. सुमारे 11 किलोमीटर उतरत ती ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने लाक-मेगांतिक गावात शिरली. 63 टाक्या घसरल्या, सुमारे 60 लाख लिटर तेल सांडून पेटलं आणि 47 माणसं गेली. मंडळाने 18 कारणं नोंदवली. कंपनीची कमकुवत सुरक्षा व्यवस्था आणि सरकारी देखरेखीतली ढिलाई त्यात होती. खटल्यात तिघे कर्मचारी 2018 मध्ये निर्दोष सुटले. चाक फिरवणाऱ्या एकट्या माणसावर सगळं ढकलणं सोपं असतं. ते इथे झालं नाही, आणि ते योग्यच झालं.

अपघातानंतर 17 दिवसांनी कॅनडा सरकारने तातडीचा आदेश काढला: धोकादायक माल भरलेल्या टाक्यांच्या गाडीवर किमान दोन कर्मचारी, अशी गाडी मुख्य मार्गावर बेवारस सोडायची नाही, केबिनला कुलूप, रिव्हर्सर म्हणजे इंजिनाची पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा काढून घ्यायचा. 2014 च्या अखेरीस ‘पुरेसे’ या शब्दाच्या जागी वजन आणि उतार यांनुसार किमान हँडब्रेकांचा आकडा आला. अमेरिकेत उतारावर बेवारस गाडी हवेच्या ब्रेकच्या भरवशावर सोडू नये हा नियम आधीपासूनच होता. दोन कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण नियम तिथे 2024 मध्ये आला.

भारतात स्थानकावर उभ्या डब्यांच्या बंदोबस्ताचा नियम सर्वसाधारण नियमावलीत 5.23 क्रमांकावर आहे आणि जबाबदारी स्टेशन मास्तरवर आहे. हँडब्रेक आवळणं, चाकांखाली लाकडी पाचरी आणि लोखंडी स्किड घालणं, साखळी बांधून कुलूप लावणं हे सगळं त्यात येतं. पाचर म्हणजे हँडब्रेकची बदली नव्हे. गाडी आधीच रोखलेली असेल तरच पाचर टिकते; हजारो टन अंगावर आले की ती चिरडते किंवा उडते. आर्माला दगडांचं तेच झालं.

नियम चुकला तर पुढे काय, याचं जुनं उत्तर आपल्या घाटांत आहे. बोरघाट 1863 मध्ये खुला झाला, थळघाट 1865 मध्ये. दोन्हीकडे चढ 37 ला 1, म्हणजे नॉन्तच्या जवळजवळ तिप्पट. चढताना मागे बँकर इंजिनं लागतात हे कर्जत किंवा कसाऱ्याहून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उतरतानाची सोय मात्र खिडकीतून फारशी लक्षात येत नाही: कॅच सायडिंग. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा, नेहमी डोंगरात वर चढत जाणाऱ्या आंधळ्या रुळाकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी सिग्नलला पूर्ण थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झालं, तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. न थांबणारी गाडी आपोआप वर चढून थकते. या रचनेत चालकाच्या अंदाजाला जागाच ठेवलेली नाही, म्हणून माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी तरतूद आहे.

4 फेब्रुवारी 2019 रोजी कॅनडाच्या फील्ड गावाजवळ धान्याची 112 डब्यांची गाडी कडाक्याच्या थंडीत आपत्कालीन ब्रेकवर जवळजवळ तीन तास उभी होती. सिलिंडरमधली हवा गळत गेली, गाडी सुटली आणि तिघे कर्मचारी मेले. लगेच नवा आदेश निघाला: 1.8 टक्के किंवा अधिक उतारावर आपत्कालीन ब्रेकने थांबलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचेच. 2022 च्या अहवालात मंडळाने आणखी पुढे जाऊन सुचवलं की मालडब्यांना स्वयंचलित पार्किंग ब्रेक बसवावेत, आणि ब्रेक सिलिंडर ठरावीक मुदतीने उघडून दुरुस्त करावेत, बिघाड दिसण्याची वाट पाहू नये.